पाइप गोठणे (घरगुती)

शीत प्रदेशांत हिवाळ्यात घरातील पाण्याच्या पाइपांत बर्फ होऊन पुरवठा बंद पडणे व पुष्कळदा पाइप फुटणे. उत्तर अमेरिका, उत्तर यूरोप आणि हिमालयातील उंच वस्त्यांत ही नेहमीची आपत्ती आहे.

कारणे : गोठताना पाण्याचे आकारमान सु. ९% वाढते. बर्फ आतून रेटतो म्हणून पाइप फुटतो, असा समज रूढ आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत मात्र वेगळे कारण दिसून आले. बर्फाचा बोळा बसला की तेथपासून बंद तोटीपर्यंतचे पाणी कोंडते. बर्फ वाढत जातो तसा या पाण्यावरचा दाब कित्येक पटींनी चढतो आणि पाइप दुबळ्या जागी फाटतो. त्यामुळे चीर अनेकदा बोळ्यापासून दूर, न गोठलेल्या भागात सापडते. पाइपातील पाणी ०° से.ला लगेच गोठतही नाही. ते काही अंश अतिशीत होते, म्हणजे गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहते, व मग त्यात फांद्यांसारखे बर्फस्फटिक एकाएकी पसरतात. आवरण नसलेल्या पाइपांना बाहेरचे तापमान सु. −७° से. झाले की धोका संभवतो, हेही याच प्रयोगांतून पुढे आले. फटींतून शिरणारा वारा हा धोका वाढवतो.

प्रतिबंध : पोटमाळा, तळघर व बाहेरच्या भिंतीतील पाइपांना उष्णतारोधक आवरण घालावे, फटी बुजवाव्यात. मोरीखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीतील ऊब आतल्या पाइपांपर्यंत पोहोचते. घर बंद असतानाही आतील तापमान सु. १३° से.च्या खाली जाऊ देऊ नये. कडाक्याच्या रात्री तोटी बारीक धारेने चालू ठेवावी. त्या धारेने गोठणे टळेलच असे नाही, पण कोंडलेला दाब मोकळा होतो. किती धार सोडावी याबाबत मतभेद आहेत. जमिनीतील पाइप गोठणरेषेखाली, म्हणजे हिवाळ्यात जमीन जेथवर गोठते त्या खोलीच्या खाली, पुरतात.

साहित्य : पेक्स (एक प्रकारचे पॉलिएथिलीन) नळ्या तांब्यापेक्षा अधिक ताण सोसतात.

गोठल्यावर : तोटी उघडून तोटीच्या बाजूने हेअर ड्रायरने शेकावे. उघडी ज्योत कदापि वापरू नये; तिने घरे पेटली आहेत. चीर बर्फ वितळल्यावरच गळू लागते, म्हणून पाणी बंद करण्याची मुख्य झडप कोठे आहे हे घरातील प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

टेक्सस, २०२१ : फेब्रुवारीतील हिमवादळात ४५ लाखांहून अधिक घरे व आस्थापनांची वीज गेली. घरे थंड पडली आणि ठिकठिकाणी पाइप फुटले.

भारत : उंच व शून्याखालील तापमानाच्या प्रदेशांतील पाणीपुरवठ्यासाठी आयएस ६२९५ हे भारतीय मानक आहे. महाबळेश्वरला दवबिंदू गोठतात, पण तशी थंडी फार वेळ टिकत नाही. सु. ३,५०० मी. उंचीवरील लेहमध्ये मात्र अनेक घरे व अतिथिगृहे हिवाळ्यापुरते पाइप रिकामे करून बादलीने पाणी वापरतात. उपाय कष्टाचा, पण खात्रीचा : पाणीच नसलेल्या पाइपात दाब चढत नाही.