पहिल्या सेक्टरची कुळकथा

मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी आला, १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन. तोवर फ्लॉपी बदलली की ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची: डॉसची काढा, सीपीएम-८६ची घाला. ही डिस्क मात्र यंत्रात पक्की बसवलेली. तिच्यावर दोन सिस्टिम नांदवायच्या कशा?

याची सोय डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये झाली. तो अवघा ५१२ बाइटचा. त्यातल्या ६४ बाइटांत विभागणीचा तक्ता बसवला: प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी, म्हणजे डिस्कचे चार वाटे. पीसी डॉस २.० ला स्वतःला त्यातला एकच वापरता येई; उरलेले तीन इतरांसाठी मोकळे. कोणता वाटा जागा करायचा हे एका बाइटच्या खुणेवर ठरे. 'एफडिस्क' या प्रोग्रॅमने खूण हलवायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. दुसऱ्याला जागा ठेवणारी ही आखणी मला आजही फार उदार वाटते.

सुरू होताना पर्याय विचारणारी यादी पुढे आली. १९९२ मध्ये ओएस/२ ने बूट मॅनेजर दिला. त्याच सुमारास वेर्नर आल्मेसबर्गर यांनी लिनक्ससाठी 'लिलो' लिहिला. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कवर कुठे आहे, हे लिलोला आधीच नोंदवून द्यावं लागे. कर्नल बदलल्यावर ती नोंद नव्याने करायची राहिली, तर लिनक्स उठतच नसे. १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी सुरू केलेला 'ग्रब' फाइलसिस्टिम वाचून कर्नल स्वतः शोधू लागला.

पण ही यादी दाखवायची की नाही, हे ठरवणार कोण? १९९० च्या दशकाअखेरीस हिताचीने जपानमध्ये विंडोजसोबत 'बी' कंपनीची बीओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम भरलेले संगणक विकले, पण सुरू होताना बीओएसचं नाव कुठे दिसत नसे. ते ग्राहकाने स्वतः खटपट करून उघडायचं. मायक्रोसॉफ्टचा परवाना उत्पादकांना संगणक सुरू होण्याचा क्रम बदलू देत नाही, असा 'बी'चे ज्याँ-लुई गासे यांचा आरोप होता. 'बी'ने २००२ मध्ये दावा लावला. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने चूक मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला. तोवर 'बी'ची मालमत्ता पामकडे गेली होती. चांगली सिस्टिम लोकांच्या नजरेस पडण्याआधीच संपली, याचं वाईट वाटतं.

आता चार नोंदींच्या जागी नव्या तक्त्यात सहसा १२८ मावतात. मात्र सही तपासूनच सिस्टिम सुरू करू देणारं सिक्युअर बूट चालू असलेल्या बहुतेक पीसींवर उबुंटू किंवा फेडोरा ही लिनक्सची रूपं उठवणाऱ्या 'शिम' या छोट्या प्रोग्रॅमवर डिजिटल सही लागते, आणि ती सही मायक्रोसॉफ्टची असते.