घामाच्या रंध्राची गाठ

तळहात-तळपायांवर उगवणाऱ्या गाठींना मराठीत नावांची वाण नाही. चामखीळ, कुरूप, भोवरी, घट्टा. नाव ठरले की उपायही ठरतो: कुरुपाला औषधी पट्टी, चामखिळीला डाग. परंतु तळपायावर क्वचित एक लालसर, ओलसर, सहज रक्त येणारी गाठ दिसते. पुष्कळदा तिच्याभोवती खंदकासारखी उथळ खाच असते. तिला आपल्या बोलीत नाव नाही, आणि १९५६पर्यंत वैद्यकातही नव्हते. त्या वर्षी गोल्डमन, पिंकस आणि रोगिन यांनी तिचे वर्णन करून तिला ‘एक्राइन पोरोमा’ म्हटले. ‘पोरोस’ हा ग्रीक शब्द. अर्थ रंध्र, वाट. या नावामागचा इतिहास शोधताना मला दिसले ते असे की, हा शोध रोगाच्या अभ्यासातून कमी आणि निरोगी त्वचेच्या अभ्यासातून जास्त लागला.

तळहात-तळपायांच्या त्वचेला केस नाहीत, तैलग्रंथी नाहीत. आहेत त्या दाटीवाटीने वसलेल्या घर्मग्रंथी. त्यांची रंध्रे तळहातावरील रेषांच्या उंचवट्यांवर ओळीने असतात, हे नेहेमाया ग्रू यांनी १६८४मध्ये लंडनमध्ये चित्र काढून दाखवले होते. रंध्राखालची ग्रंथी मात्र पुर्किंये यांच्या काळात, १८३३च्या सुमारास, सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट झाली. १९२२मध्ये शीफरडेकर यांनी घर्मग्रंथींचे एक्राइन आणि अपोक्राइन असे दोन प्रकार केले. तरी एक बारीक प्रश्न उरला होता. ग्रंथीची नळी वर येताना बाह्यत्वचेतून मळसूत्रासारखी वळत जाते. तेवढ्या अंतरात तिला स्वतःची भिंत असते, की ती त्वचेच्या पेशींमधले नुसते भोक असते?

हा प्रश्न हाती घेतला हेर्मान पिंकस यांनी. जन्म १९०५, बर्लिन. वडील फेलिक्स पिंकस हेही नामवंत त्वचारोगतज्ज्ञ. केसालगतच्या एका सूक्ष्म स्पर्शेंद्रियाचे वर्णन त्यांनी १९०२मध्ये केले होते. नाझी सत्तेवर येताच ज्यू डॉक्टरांना जर्मनीत जागा उरली नाही. मुलगा अमेरिकेत मिशिगन राज्यात गेला. वडीलही पुढे देश सोडून अखेर तिथेच पोहोचले आणि १९४७मध्ये वारले. परक्या देशात बस्तान बसवत असतानाच, १९३९मध्ये, हेर्मान यांनी दाखवून दिले की बाह्यत्वचेतल्या त्या नळीला स्वतःच्या, वेगळ्या पेशींची भिंत असते. कोणत्याही रोग्याला ताबडतोब उपयोगी पडेल असे त्यात काही नव्हते.

सतरा वर्षांनी ते उपयोगी पडले. त्या लाल गाठीच्या कापात लहान, एकसारख्या पेशींचे रुंद पट्टे बाह्यत्वचेपासून खाली उतरलेले दिसत. शेजारच्या पेशींपासून ते रेघ मारल्यासारखे वेगळे असत आणि मधूनमधून त्यांत बारीक नळ्याही असत. या पेशी कुठल्या, हे ओळखण्यासाठी निरोगी नळीच्या भिंतीची ओळख आधी असावी लागते. पिंकस यांच्याजवळ ती होती. भोवतालच्या ऊतकातल्या भरपूर रक्तवाहिन्यांमुळे गाठ लाल का दिसते आणि तिला धक्का लागताच रक्त का येते, याचाही उलगडा झाला.

नावाने काय साधले? तळपायावरच्या लाल गाठीकडे पाहताना दोन उलट चुका संभवतात. ती कुरूप समजून वर्षानुवर्षे तासत राहणे ही पहिली. दुसरी अधिक भयंकर: रंगद्रव्य नसलेला मेलानोमा, म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग, अगदी अशाच रूपात येऊ शकतो, भारतीयांत मेलानोमा होतो तेव्हा तळपाय ही त्याची नेहमीची जागा. निरुपद्रवी गाठीला कर्करोग समजून पाऊल गमावणे जितके वाईट, तितकेच कर्करोगाला निरुपद्रवी समजून वेळ गमावणे. नुसत्या नजरेने हा निवाडा होत नाही.

पोरोमाही सर्वस्वी निर्दोष नाही. १९६३मध्ये पिंकस आणि त्यांचे सहकारी मेहरेगान यांनी याच नळीच्या पेशींच्या घातक कर्करोगाचे वर्णन केले. १९६९मध्ये मिशिमा आणि मोरिओका यांनी त्याला ‘पोरोकार्सिनोमा’ हे नाव दिले. जुन्या पोरोमातून तो क्वचित उद्भवतो. म्हणून गाठ वरवर खरवडून चालत नाही. ती पूर्ण काढावी लागते, नाहीतर पुन्हा उगवते. २०१९मध्ये जपानी संशोधकांना या दोन्ही गाठींत एकाच जनुकाचे, वायएपी-१चे, दुसऱ्या जनुकांशी झालेले जोड सापडले, आणि सूक्ष्मदर्शकाने जोडलेले नाते रेणूंच्या पातळीवरही दिसले.

एवढे सगळे असूनही निदान आजही एका साध्या कृतीवर अवलंबून आहे: काढलेली गाठ फेकून न देता फॉर्मालिनच्या बाटलीत घालून विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवणे. तळपायावरची ओली लाल गाठ काही आठवड्यांत बरी झाली नाही, तर तिला पट्टी लावू नये, डागही देऊ नये. डागलेल्या गाठीचा काप घेता येत नाही; आणि काप नसेल, तर १९३९ आणि १९५६ची सारी मेहनत त्या रोग्यापर्यंत पोहोचतच नाही.