कुक्कुच्च : विनयपिटकातील संशय आणि आजचे तरुण

कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आहेत. इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील या लेण्यांत चैत्यगृहाशेजारी भिक्खूंच्या निवासाच्या कोठड्या आहेत. कण्हाचा शिष्य बलक याचे नाव तेथील शिलालेखात आहे. अशा विहारांत दर पंधरवड्याला उपोसथ होई. पातिमोक्खाचे पठण करणारा भिक्खू प्रत्येक वर्गाच्या शेवटी संघाला विचारी, आपण परिशुद्ध आहात ना? हा प्रश्न तीनदा विचारला जाई आणि संघाचे मौन हेच उत्तर मानले जाई. चौथ्यांदा कोणी विचारीत नसे.

परंतु ज्याच्या मनात हाच प्रश्न चौथ्यांदा, चाळिसाव्यांदा उठतो, त्याचे काय? पाली वाङ्मयात या टोचणीला ‘कुक्कुच्च’ म्हटले आहे. पाच नीवरणांपैकी उद्धच्च-कुक्कुच्च हे एक नीवरण होय. केले ते चुकले, करावयाचे ते राहून गेले, असे मन पुनःपुन्हा सांगत राहते. विनयपिटकाने या दुःखाकडे किती बारकाईने पाहिले, याची तीन उदाहरणे आम्ही येथे देत आहोत.

पहिले उदाहरण सत्तरसवग्गिय नावाच्या सतरा तरुण भिक्खूंचे आहे. वीस वर्षांखालील व्यक्तीला उपसंपदा देऊ नये, असा नियम झाला होता. छब्बग्गिय भिक्खूंनी त्यांना मुद्दाम डिवचले की, तुमची उपसंपदा वयापूर्वी झाली, तेव्हा तुम्ही भिक्खू आहात की नाही कोण जाणे. ती मुले रडू लागली. दुसऱ्याला क्षणभर जरी अस्वस्थ करण्याच्या हेतूने त्याच्या मनात कुक्कुच्च उत्पन्न करणे, हा त्या प्रसंगी पाचित्तिय दोष ठरविण्यात आला. दुसरे उदाहरण चोरीच्या विचाराचे. एखाद्याच्या मनात असा विचार केवळ उद्भवला आणि कृती घडली नाही, तर दोष नाही, असा निर्णय दिला गेला. तिसरे उदाहरण महावग्गातील आहे. आपल्या हातून दोष घडला की नाही याविषयी भिक्खूला उपोसथाच्या दिवशी संशय असेल, तर त्याने तो सांगावा, संशय फिटल्यावर प्रतिकार करीन असे म्हणावे आणि संघासमवेत पातिमोक्ख ऐकावे. संशय फिटेपर्यंत उपोसथ अडत नाही.

आज मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात, त्या ओसीडी या विकाराचे वर्म नेमके येथेच आहे. नको असलेला विचार मनात घुसतो आणि त्याची भीती शमविण्यासाठी रुग्ण हात धुतो, कडी तपासतो, मोजतो किंवा घरच्यांना तेच तेच विचारतो. शंभरांत सुमारे एक ते तीन माणसांना आयुष्यात केव्हातरी हा विकार होतो आणि पुष्कळांच्या बाबतीत त्याचा आरंभ बालपणी किंवा तारुण्यात होतो. श्रीलंकेचे पद्मल डी सिल्व्हा यांनी लंडनमध्ये रॅचमन यांच्यासह १९७८ साली दाखवून दिले की, असे विचित्र विचार निरोगी माणसांच्या मनातही येतात. विचार येणे हा दोष नव्हे, हे विनयाचेच सूत्र होय. पुढे याच डी सिल्व्हांनी पाली सुत्तांतील विचारनियमनाच्या उपायांची आधुनिक वर्तनोपचाराशी तुलना केली. या विकारावरील मुख्य वर्तनोपचारात भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जावयाचे असते, परंतु मन आग्रह धरते ती कृती करावयाची नसते. जोडीला औषधेही असतात. विनयकारांना हा रोग ठाऊक होता, असा आमचा दावा नाही. संशय मिटविल्यावाचूनही पुढे जाता येते, हे मात्र त्यांना ठाऊक होते.

आपल्या समाजात येथे एक धोका संभवतो. याच रायगड जिल्ह्यात, महाड येथे, १९२७ साली सत्याग्रहानंतर चवदार तळ्याचे ‘शुद्धीकरण’ गोमूत्र-शेणाने करण्यात आले. तो विटाळ माणसाला हीन लेखण्यासाठी होता आणि तो पाळणाऱ्यांना त्याची व्यथा नव्हती. उलट, नळाखाली तासभर हात धूत बसलेला आपला मुलगा स्वतःच त्रासलेला असतो. त्याला ‘हे सोवळे कुठून शिकलास’ असे म्हणणे म्हणजे छब्बग्गियांचेच काम करणे होय. भगताकडून अंगारा आणणेही व्यर्थ, आणि ‘विपश्यना कर, बरे वाटेल’ एवढे सांगून थांबणेही पुरेसे नाही.

कर्जत-खालापूरच्या उपासकांना मनोरुग्णसेवा परकी नाही. डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी कर्जतजवळ २००६ पासून केंद्र चालवीत आहे, डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला. घरी राहून झुरणाऱ्या तरुणाने मात्र मनोविकारतज्ज्ञाला गाठावे. १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलिमानस सेवा २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे.

घरच्यांनी काय करावे? तेच आश्वासन पुनःपुन्हा देत राहिल्याने विकार बळावतो. म्हणून मायेने, परंतु ठामपणे एकदा सांगावे, त्याला उपचाराला न्यावे आणि संशयासह त्याला आपल्या पंगतीत बसवून घ्यावे. उपोसथात संघ हेच करीत होता.