ब्योमकेशचा पुण्याचा पत्ता

शनिवारची सकाळ आहे, दुसरा चहा झालाय, आणि ऑफिसचा फोन अजून तरी वाजलेला नाही. तेवढ्यात लिहून घेतो.

मार्च २०२०. लॉकडाऊन लागायच्या आत मी बॅग उचलून आईबाबांकडे आलो आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलो. त्या महिन्याच्या २८ तारखेपासून दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात केली. घरात लगेच वाटणी झाली. रामायण आईचं, ब्योमकेश बक्षी बाबांचा. बाबांनी तो १९९३ साली पाहिलेला. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी हेडफोन लावून कॉलवर असायचो आणि एक डोळा टीव्हीवर. पहिल्या दिवशी वाटलं, हे काय! दोन माणसं खोलीत बसून नुसती बोलतायत. मारामारी नाही, पाठलाग नाही, आणि धोतर नेसलेला एक शांत माणूस समोरच्याचं ऐकून घेतोय. चौथ्या दिवशी मी 'नेट गेलं होतं' अशी थाप मारून कॉल बुडवला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त सोफ्यावर जरा सरकले.

तेव्हापासून हे खूळ डोक्यात आहे. थोडा शोध घेतला तर एक गोष्ट हाती लागली, आणि ती कळल्यावर मी पुणेकर असल्याचा (नेहमीपेक्षा जरा जास्तच) अभिमान वाटला. ब्योमकेश राहतो कोलकात्यात, हॅरिसन रोडवर. पण त्याच्या बऱ्याच कथा लिहिल्या गेल्या त्या पुण्यात!

तर, इतिहास असा. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा जन्म १८९९ चा, जौनपूरचा. बालपण बिहारमधल्या मुंगेरला गेलं. शिक्षण कायद्याचं, पण वकिलीत मन रमेना म्हणून लेखणी धरली. १९३२ मध्ये 'पथेर काँटा' ही ब्योमकेशची पहिली कथा आली. कोलकात्याच्या रस्त्यावर चालता चालता माणसं कोसळून मरतायत, आणि त्यांच्या छातीत सापडते ग्रामोफोनची पिन. ती तिथे जाते कशी? सांगणार नाही. वाचा!

त्याआधी डिटेक्टिव्ह म्हटलं की डोळ्यांसमोर लंडनचा साहेब यायचा. शरदिंदुबाबूंनी आपला माणूस उभा केला. तो धोतर नेसतो, पेपर वाचतो, सिगरेट ओढतो, मित्राशी, म्हणजे अजितशी, चहावरून गप्पा मारतो. 'डिटेक्टिव्ह' हा शब्द त्याला आवडत नाही. स्वतःला तो म्हणवतो सत्यान्वेषी, म्हणजे सत्य शोधणारा. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३८ मध्ये शरदिंदुबाबू मुंबईला आले, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये पटकथा लिहायला. त्याच्या थोडं आधीच त्यांनी ब्योमकेश लिहिणं थांबवलं होतं. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये होम्सला धबधब्यात ढकललं होतं. शरदिंदुबाबू सभ्य गृहस्थ, त्यांनी ब्योमकेशचं लग्न लावून दिलं आणि काही कथांनंतर त्याला सुट्टी दिली. ही सुट्टी सुमारे १५ वर्षं चालली. पुढे कोलकात्यातल्या तरुण वाचकांनी 'ब्योमकेश कुठाय?' म्हणून पिच्छा पुरवला, तेव्हा पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तो परत आला. १९५२ च्या सुमारास शरदिंदुबाबूंनी सिनेमा सोडला आणि पुण्यात घर केलं. ते शेवटपर्यंत पुणेकरच राहिले. इथे बसून त्यांनी कोलकात्यातले खून सोडवले, शिवाय शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या गोष्टी बंगाली पोरांसाठी लिहिल्या. (सदाशिव पेठेने यावर हक्क सांगू नये ही विनंती.) १९७० मध्ये ते गेले, तेव्हा ब्योमकेशच्या ३२ कथा पूर्ण होत्या आणि ३३वी अर्धी राहिली होती.

आता पडद्याकडे येऊ. १९६७ मध्ये खुद्द सत्यजित राय यांनी उत्तमकुमारला घेऊन 'चिडियाखाना' केला. त्यासाठी रायना दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं. १९९३ मध्ये बासू चटर्जींनी दूरदर्शनची मालिका केली. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित, आणि सत्यवती झाली होती आपली सुकन्या कुलकर्णी. २०१० पासून बंगालीत तर रांगच लागली. अंजन दत्त, ऋतुपर्ण घोष, मग वेब सिरीज. २०१५ मध्ये दिबाकर बॅनर्जींनी सुशांतसिंह राजपूतला घेऊन हिंदीत युद्धकाळातलं कोलकाता उभं केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मूळ कोड एकच, पण फोर्क किती झाले याला हिशोब नाही.

मी यातले जमतील तेवढे पाहिले. २०१५ चा सिनेमा दिसायला देखणा आहे. ट्राम, धूर, जपानी विमानांची भीती, सगळं आहे. पण पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते ती १९९३ ची मालिकाच. का? उत्तर मला बरेच दिवस सापडत नव्हतं. ते सापडलं ऑफिसात.

गेल्या वर्षी एका सिस्टिममध्ये महिनाअखेरचे आकडे दुप्पट यायला लागले. आदल्याच दिवशी टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर पोराने डिप्लॉय केलं होतं. झालं! 'यानेच केलं' हे पाच मिनिटांत ठरलं. तीन दिवस तो खाली मान घालून आपलाच कोड वाचत बसला होता. तिसऱ्या रात्री लॉग चाळताना मला कळलं की दोष त्याचा नाहीच. दोन वर्षांपूर्वी मी लिहिलेली एक स्क्रिप्ट दोनदा चालत होती. खरं सांगतो, त्या रात्री मी कोणालाच काही कळवलं नाही. गुपचूप दुरुस्ती करून टाकता आली असती. सकाळी मीटिंगमध्ये सांगितलं. तो पोरगा एवढंच म्हणाला, "ठीक आहे, सर." त्या 'ठीक आहे'चा आवाज अजून कानात आहे.

त्या रविवारी मी 'अर्थमनर्थम्' पुन्हा वाचली. १९३३ ची कथा. म्हातारे करालीबाबू घरात मेलेले सापडतात आणि संशय जातो सुकुमारवर. त्याची बहीण सत्यवती ब्योमकेशकडे येते. 'खुनी पकडा' हे तिचं मागणं नाही. तिला भाऊ सुटायला हवाय. ब्योमकेश खरा गुन्हेगार शोधतो, सुकुमार सुटतो, आणि पुढे सत्यवती ब्योमकेशची बायको होते.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्याला वाटतं की रहस्यकथेची मजा खुनी सापडण्यात आहे. पण एक खुनी सापडला की घरातले बाकीचे सगळे सुटतात! शेवटचं पान मिटताना जे हलकं वाटतं ते त्यामुळे. 'सत्यान्वेषी' ही कथा घ्या. मेसमध्ये खून होतो आणि तिथे राहणारा प्रत्येक जण संशयित असतो, खुद्द ब्योमकेशसुद्धा, कारण तो तिथे खोट्या नावाने राहतोय. गुन्हेगाराला शिक्षा होणं हा या कथांचा हट्टच नाही. काही कथांत तर खरं काय ते कळल्यावर ब्योमकेश त्याला पोलिसांच्या हवालीही करत नाही.

म्हणून १९९३ चा ब्योमकेश टिकला असं मला वाटतं. बासूदांनी प्रत्येक संशयिताला खुर्ची दिली आणि बोलायला वेळ दिला. पाठलाग सुरू झाला की खुनी कोण हे आधीच ठरलेलं असतं. पाच मिनिटांत बोट दाखवायचं काम आम्ही ऑफिसात फुकट करतोच, त्यासाठी सत्यान्वेषी कशाला हवा?

४ जून २०२० ला बासू चटर्जी गेल्याची बातमी आली. बाबांनी पेपरची घडी केली आणि म्हणाले, "माणूस घाई करायचा नाही." एवढंच.

त्या ज्युनिअर पोराला मागच्या आठवड्यात मालिकेतल्या कथांची यादी दिली. अजून पाहिली नाहीये म्हणतो. बघेल. असो! तिसरा चहा बोलावतोय.