सजद्यातून उठताना चक्कर : कारणे, तपासण्या आणि रिपोर्टची वाट

फजरच्या नमाजमध्ये सजद्यातून डोके उचलले आणि सगळी खोली गरगर फिरली. आमच्या अम्मीचे असेच झाले. घरात पहिला शब्द निघाला तो लकव्याचा.

अशा चक्करचे कारण पुष्कळदा कानात असते. कानाच्या अगदी आतल्या भागात कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरले की डोके हलवताच घर फिरते. डॉक्टर याला 'बीपीपीव्ही' म्हणतात. रुकू-सजद्यात, कूस बदलताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना ही चक्कर येते आणि बहुधा मिनिटभरात थांबते. यावर गोळ्यांपेक्षा 'एप्ली' पद्धत जास्त कामाची. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोके ठरावीक क्रमाने वळवून कण जागेवर आणतात. कोणता कान बिघडला हे आधी कळावे लागते, म्हणून व्हिडिओ बघून स्वतः करू नका.

उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे हा प्रकार वेगळा. त्यात उभे राहिल्यावर 3 मिनिटांत बीपीचा वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरतो का, ते बघतात. कमी पाणी, बीपीच्या गोळ्या, बायकांत 12 च्या खालचे हिमोग्लोबिन हीही कारणे असतात. रोजात शुगर 70 च्या खाली गेली तर रोजा सोडावा. आजाऱ्याला तो नंतर पुरा करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. म्हणून डॉक्टरांना नुसते 'चक्कर येते' सांगू नका. फिरते की अंधारी येते, किती वेळ, काय करताना, हे सांगा.

तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, जीभ अडखळणे, एकाचे दोन दिसणे, आधाराशिवाय चालता न येणे यांपैकी काही असेल तर लगेच 108 ला फोन करा.

अम्मीच्या एमआरआयच्या रिपोर्टला दोन दिवस लागले. आजारापेक्षा ते दोन दिवस जड गेले. प्रत्येक नातेवाईक नवा आजार सुचवत होता! शेवटी ठरवले, लॅबला फोन एकट्या भाईजानने करायचा, बाकीच्यांनी अम्मीला विचारायचे नाही. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून ठेवले. रक्ताच्या रिपोर्टमध्ये ठळक छापलेला आकडा म्हणजे आजारच असे नसते, हे तिला दोनदा समजावले.

खुर्चीवर बसून नमाज पढायला मात्र ती तयार नव्हती. उभे राहणे जमत नसेल तर बसून पढण्याची परवानगी हदीसमध्ये आहे, हे मशिदीच्या इमामसाहेबांनी सांगितले तेव्हा ऐकले. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. एमआरआय नॉर्मल, दोष उजव्या कानाचा.