शब्दकोशातून घडलेले व्यक्तिमत्त्व

व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्रातील एका प्रभावी परंपरेचा उगम शब्दकोशात आहे. समाजाला स्वभावातील जे भेद महत्त्वाचे वाटतात त्यांच्यासाठी भाषेत शब्द रूढ होतात, आणि म्हणून भाषेतील ‘मानी’, ‘चिवट’, ‘आतल्या गाठीचा’ यांसारख्या शब्दांचा संग्रह म्हणजे स्वभावभेदांचा आयता नकाशाच होय, अशी या परंपरेची धारणा असून तिला शब्दाधारित गृहीतक म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ मध्ये रॉजे यांचा समानार्थी शब्दकोश चाळून इंग्रजीत असे किमान हजार शब्द असावेत असा अंदाज बांधला आणि त्यांचे अर्थ बऱ्याच अंशी एकमेकांत मिसळतात, हेही नोंदवले.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये वेब्स्टरच्या बृहत्कोशातून १७,९५३ शब्द वेचले व त्यांचे चार गट पाडले. स्थिर गुणविशेष दर्शवणारे ४,५०४ शब्द पहिल्या गटात आले. तात्पुरत्या मनःस्थिती, निव्वळ स्तुतिनिंदा आणि उरलेसुरले शब्द इतर तीन गटांत गेले. कोणता गुण स्थिर आणि कोणता शब्द केवळ नैतिक शेरा, हे कोशकाराने ठरवलेले नव्हते. तो निवाडा वेचणाऱ्यांचा होता.

रेमंड कॅटेल यांनी १९४०च्या दशकात पहिल्या गटातून १७१ आणि पुढे ३५ गुणसमूह निवडले, कारण अनेक गुणांमधील परस्परसंबंधांमागे मोजके मूळ घटक शोधणारे घटक-विश्लेषण नावाचे गणिती तंत्र संगणकाअभावी हातानेच करावे लागे आणि शब्द जितके अधिक तितकी आकडेमोड बेसुमार वाढे. त्यांनी स्वतः सोळा घटक मानले. परंतु अर्नेस्ट ट्यूप्स आणि रेमंड क्रिस्टल यांनी १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या अभ्यासात त्याच गुणसमूहांमधून पाच घटक पुनःपुन्हा निघाले. बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य आणि बौद्धिक खुलेपणा अशा आशयाच्या या घटकांना ल्यूइस गोल्डबर्ग यांनी १९८१ मध्ये ‘बिग फाइव्ह’ हे नाव दिले, आणि त्यांनी इतरांसह कॅटेल यांच्या यादीबाहेरचे शब्द घेऊनही ती रचना पडताळून पाहिली.

तथापि भाषा बदलली की घटकांची संख्याही बदलू शकते. डच, कोरियन, हंगेरियन इत्यादी भाषांच्या अभ्यासांवरून मायकेल अ‍ॅश्टन आणि किबोम ली यांनी प्रामाणिकपणा व नम्रता यांचा सहावा घटक मांडला, तर हिंदी शब्दांच्या २०१३ मधील एका अभ्यासात सात्त्विक, राजस आणि तामस अशी त्रिगुणांशी जुळणारी रचना आढळली. स्वभाव मोजणारी ही फूटपट्टी मुळात लोकांनी एकमेकांना दिलेल्या विशेषणांची आहे. त्यामुळे तिच्यावरील खुणांत माणसाच्या स्वभावाइतकीच त्याला नावे ठेवणाऱ्या समाजाची दृष्टीही उमटलेली असते.