ग्रंथ हरपला, ओव्या उरल्या

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विषय निघाला की आपल्या ओठी पहिले नाव येते ते फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चे. इंग्लंडमध्ये 1549 साली जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यास आले आणि 1619 साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. सुमारे 11 हजार ओव्यांचा त्यांचा ग्रंथ 1616 साली राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. पुढे 1649 व 1654 साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. एवढे आपण अभिमानाने सांगतो. परंतु या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज कोठे शिल्लक असल्याचे ज्ञात नाही, ही गोष्ट सांगण्याचे मात्र आपण टाळतो.

तीनदा छापलेला ग्रंथ असा समूळ नाहीसा व्हावा, याचे आश्चर्य वाटते. 1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला आणि त्या भाषेतील ग्रंथांचे दिवस फिरले, हे खरे. पण सारा दोष हुकुमाच्या माथी मारून आपली सुटका होत नाही. कोकणचा चार महिन्यांचा पाऊस, वाळवी, कसर आणि ‘जुने झाले, आता काय करायचे’ ही घराघरांतली वृत्ती, यांना कोणत्याही हुकुमाची गरज लागत नाही. ग्रंथ जाळावाच लागतो असे नाही. त्याकडे पाहिनासे झाले तरी तो जातो.

मग ‘क्रिस्तपुराण’ आपल्यापर्यंत आले कसे? ते दोन वाटांनी आले. पहिली वाट घरातून गेली. गोव्याहून मंगळूरकडे स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी या ओव्या हाताने उतरवून घेतल्या, त्या गायिल्या आणि वह्या पुढच्या पिढीच्या हाती दिल्या. अशा हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली मंगळूर येथे ग्रंथाची छापील आवृत्ती सिद्ध केली. दुसरी वाट संग्रहालयातून गेली. विल्यम मार्सडेन या इंग्रज विद्वानाने आपला पौर्वात्य ग्रंथसंग्रह 1835 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला. तो पुढे तेथील पौर्वात्य विद्येच्या संस्थेकडे गेला. त्या संग्रहातील ‘क्रिस्तपुराणा’च्या देवनागरी हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते जस्टिन अॅबट यांनी, 1920 नंतरच्या दशकात. मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत नेणारे हेच ते अॅबट.

या दोन वाटांचा विचार करता आम्हांस एक गोष्ट जाणवते. लंडनमधील पोथी सुरक्षित होती. पण तिचे मोल ओळखणारा डोळा तिला लाभेपर्यंत कित्येक दशके उलटली. मंगळूरच्या घरांत ओव्यांचा अर्थ जिवंत होता. पण कागद झिजत होता. संग्रहालय वस्तू राखते, घर तिची आठवण राखते. एकाच्या अभावी दुसरे अपुरे पडते.

आता आपल्या घराकडे वळू. जुने घर पाडून नवी इमारत उभी राहते, तेव्हा माळ्यावरची पेटी प्रथम रद्दीत जाते. तिच्यात आजीचे लग्नातले लुगडे असते, पणजोबांची प्रार्थनेची वही असते, चांदीचा क्रूस असतो, ज्यांची नावे कोणीच सांगू शकत नाही अशी छायाचित्रे असतात. कधी कधी जतन करण्याच्या हौसेनेही नुकसान होते. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावली की काही वर्षांनी तिचा गोंद कागदात उतरून पिवळा डाग धरतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेल्या कपड्यात दमट हवा कोंडते आणि बुरशी येते. जरीचे वस्त्र त्याच घडीवर वर्षानुवर्षे ठेवले की घडीवरच चिरते; ते धुतलेल्या सुती कापडासह गुंडाळून ठेवावे आणि कडक उन्हात न टाकता सावलीत हवेशीर करावे. चांदी हवेतील गंधकामुळे काळवंडते, पण दर सणाला भुकटीने घासली तर कोरलेले नावही झिजून जाते. लाकडी मूर्तीवर चकचकीत तैलरंग चढवला की जुन्या कारागिराचा हात त्याखाली कायमचा झाकला जातो. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. हे काम घरातील वृद्ध हयात असतानाच होऊ शकते.

धर्मग्रामाचेही असेच आहे. 1983 च्या धर्मसंहितेचे 535 वे कलम जुन्या नोंदवह्या काळजीपूर्वक जतन करण्यास सांगते. बाप्तिस्म्याची जुनी वही म्हणजे अनेक कुटुंबांच्या वंशाचा आरंभीचा लेखी पुरावा असतो. ज्या वस्तू घरात वा चर्चमध्ये सांभाळणे शक्य नाही, त्यांच्यासाठी आता जागाही आहेत. गोव्यातील ख्रिस्ती कलेचे संग्रहालय 1994 साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि पुढे जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात गेले. जेथे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले आणि हरवले, त्याच राशोलला जतनाचा हा आरंभ व्हावा, याचा आम्हांस आनंद वाटतो. मुंबईच्या महाधर्मप्रांताचेही संग्रहालय 2011 पासून गोरेगावात आहे.

तथापि सगळेच संग्रहालयात नेऊन टाकावे, असे आमचे म्हणणे नाही. ज्या जपमाळेवर अजून प्रार्थना होते, तिची जागा घरातच आहे. आमची सूचना साधी आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने पेटी एकदा उघडावी, मुलांना जवळ बसवावे आणि एका वहीत लिहावे: वस्तू कोणती, कोणाची, कोठून आली. मंगळूरच्या त्या अनाम लेखनिकांनीही वहीच भरली होती. त्यांच्या श्रमांमुळेच आपल्या हाती आज ओव्या आहेत.